प्रांजलच्या शाळेचा कौल

रविराजनं आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं असेल, असं त्याच्याकडं बघून कुणी म्हणणार नाही. दारू नाही, जुगार नाही, उगाच कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याची खोड एकच. समोरच्याचं मन मोडायचं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून ‘नाही’ म्हणायच्या जागी तो ‘बघू’ म्हणायचा आणि ‘केलं’ म्हणायच्या जागी ‘करू’ म्हणायचा. आता याला काय खोड म्हणायची? लोक तर याला चांगला स्वभाव म्हणतात. पण या चांगल्या स्वभावानं माणसाची पार वाट लागते, आणि एकट्याची लागत नाही.

म्हसवडच्या पुढं, माणच्या माळावर त्यांची वस्ती. बाप भाऊसो म्हणजे गुडघे जाईपर्यंत मेंढरांमागं हिंडलेला धनगर. आई जाऊन बरीच वर्षं झाली. रविराज सांगलीला डिप्लोमा शिकला, शिरवळच्या एका कारखान्यात घासला आणि तिथनं थेट मस्कतला गेला. आता तिथं मशिनरीवर सुपरवायझर. बायको सोनम सांगलीची, आणि मुलगी प्रांजल. पहिलीत घालायच्या वयाची.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना दोन गोष्टींची फार काळजी. एक, गावाकडं जमिनीवर कोण नांगर घालतंय, आणि दुसरी, पोरांची शाळा. मस्कतच्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकू असो नाहीतर गणपती असो, वाण हातात पडायच्या आधी बायका विचारायच्या, “तुमची कुठं? इंडियन का ब्रिटिश?” इंडियन म्हणणारी बाई जरा हळू आवाजात म्हणायची. तिथल्या इंडियन शाळेत वर्ग गच्च भरलेले. पण हिंदी शिकवतात, गणित कडक, आणि उद्या नोकरी गेली तर गावाकडच्या शाळेत पोरगं सरळ बसतं. ब्रिटिश शाळेत पोरं कमी, मैदान हिरवं, लायब्ररीत जमिनीवर उशा टाकलेल्या. सोनमचं मन आधी इंडियनकडंच होतं. ती म्हणायची, “आवं, आपण काय जन्मभर इथं राहणार आहोत का?” रविराज म्हणायचा, “बघू.” आणि त्याच्या साहेबाची पोरं ब्रिटिश शाळेत जात होती.

खरं कारण हेच होतं. उशा नाहीत न् मैदान नाही. कंपनीच्या पार्टीत साहेबाच्या बायकोनं विचारलं, तेव्हा रविराज पटकन म्हणून गेला, “ब्रिटिशच बघतोय.” एकदा तोंडातनं गेलं, मग मागं कसं फिरायचं? पुढच्याच आठवड्यात तो सोनमला आणि प्रांजलला घेऊन शाळेत गेला. तिथल्या गोऱ्या बाईंनी प्रांजलला चित्रं दाखवली, काय काय विचारलं, पोरीनंही धडाधड उत्तरं दिली. प्रवेश झाला, गणवेशही घेतला. करड्या रंगाचा फ्रॉक आणि वर काठाची टोपी. प्रांजल ती टोपी घालून झोपायला बघायची. शेवटी सोनमही हसली आणि म्हणाली, “झालं ते झालं. चांगलंच होईल.”

त्यानंतर शुक्रवारी नेहमीसारखा भाऊसोंचा फोन आला.

“पोरीच्या शाळंचं ठरलं का रं?”

आता इथं ‘ठरलं आबा’ म्हणायला काय बिघडत होतं? म्हातारा काय फोनमधनं मारणार होता? पण त्यांच्या घरात मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय म्हशीचं रेडकूसुद्धा विकत नाहीत. रविराज म्हणाला, “न्हाई अजून. तुमी म्हणाल तसं करू.”

भाऊसोंचा आवाज असा फुलला की काय सांगावं. एवढा साहेब झाला तरी पोरगा आपल्याला विचारतोय! त्यांनी दोन्ही शाळांची माहिती विचारली, आणि अगदी बरोबर जागी बोट ठेवून विचारली. “उद्या तू माघारी आलास, तर इंग्रजांच्या शाळंतली पोरगी हितं कुठं बसंल? सातारला हाय का तसली शाळा? आन् तिकडंच ऱ्हायलास, तर आपल्या शाळंत घालून तिचं नुकसान तर न्हाई ना व्हायचं?” रविराज प्रत्येक प्रश्नाला ‘बघू’च म्हणाला. शेवटी म्हातारा म्हणाला, “मला काय त्यातलं कळत न्हाई गड्या. तुमी सुट्टीला या. आपुन बिरोबाला कौल लावू.”

कौल म्हणजे देवाला विचारणं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली कळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न ठरवायचं, विहीर काढायची, मेंढरं कुठल्या अंगाला न्यायची, सगळं त्या वस्तीत असंच ठरत आलेलं. रविराज मनात म्हणाला, लावू दे की कौल. उजवा पडला तर प्रश्नच मिटला. डावा पडला तर बघू.

ऑगस्टमध्ये ती तिघं गावाकडं आली. प्रांजलला सांगलीला आजीकडं ठेवलं, कारण प्रवासानं तिचं पोट बिघडलं होतं. तिनं हट्टानं आणलेली गणवेशाची पिशवीही सांगलीतच राहिली. विट्यापासनं पुढं गाडीत सोनम सासऱ्यांबद्दल एकच बोलत होती. “मामांना सांगून टाका. देवळात जायच्या आधी सांगा. देवाची कसली चेष्टा लावलीय?”

“सांगतो की. त्यांचा मूड बघून सांगतो.”

“मूड बघायला ते काय तुमचे साहेब आहेत?”

वस्तीवर पोचल्यावर मूड बघायची सोयच उरली नाही. भाऊसोंनी आदल्या दिवसापासनं उपास धरलेला. नवं धोतर, डोक्याला तांबडा पटका, कपाळ भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. शिवाय त्यांनी साऱ्या वस्तीला सांगून ठेवलेलं. देवळापुढं हे एवढं माणूस. सगळ्यांत म्हातारे नानासो ओट्यावर बसलेले, पुजारी नाथाजी आंघोळ करून तयार, आणि रविराजचा शाळेतला सोबती कृष्णात मोबाईलवर फोटो काढतोय. “या साहेब,” कृष्णात म्हणाला. “पोरीच्या शाळेसाठी विमानानं देवाला विचाराया आलेला पयलाच माणूस तू.” सगळी हसली. रविराजही हसला. सोनम तेवढी हसली नाही.

नाथाजीनं कळ्या लावल्या. भाऊसो हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “देवा बिरोबा, नातीला इंग्रजांच्या शाळंत घालाय पायजे का न्हाई, तू सांग. घालायची आसली तर उजवा दे. न्हाईतर डावा दे. तू म्हणशील तसं माझं पोरगं वागंल.”

आणि मग कळ्या पडेनात.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. देव कधी कधी वेळ लावतो. बायकांनी गाणं धरलं, सोडलं, परत धरलं. माळावरनं वारा सुटला होता, तो देवळात शिरून भंडारा उडवत होता, तरी कळ्या जागच्या हलेनात. नाथाजीनं त्या काढून नव्या लावल्या. त्याही तशाच. भाऊसोंचे ओठ पांढरे पडले. त्यांचे गुडघे गेलेले, तरी ते देवापुढं उभेच होते. कुणी बसा म्हटलं तर मान हलवत होते. ऊन डोक्यावर आलं. पोरं कंटाळून बाहेर खेळायला गेली आणि मोठी माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

शेवटी नाथाजी वळला आणि म्हणाला, “भाऊसो, देव मुका झालाय. माझ्या बापाच्या टायमाला एकदा असं झालं हुतं. इचारणाऱ्याच्या घरात कायतरी खोटं दडलंय. ते आधी भाईर काढा, मग देव बोलंल.”

सोनमनं रविराजच्या दंडाला धरलं, धरलं कसलं, नखं रुतवली. “बोला,” ती दातओठ खाऊन पुटपुटली. “आत्ता बोला.”

रविराजनं तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. सांगायचं तरी काय होतं मोठं? ‘आबा, शाळेत नाव घालून झालंय, मी तुम्हाला खोटं सांगितलं.’ एवढंच वाक्य. पण समोर कृष्णात मोबाईल धरून उभा, नानासो भुवया वर करून बसलेले, आणि या सगळ्यांनी सकाळपासनं त्याची वाहवा केलेली. विमानानं देवाला विचाराया आलेला माणूस! आता म्हणायचं की विचारायला आलोच नव्हतो, म्हाताऱ्याची समजूत काढायला आलो होतो? त्याला वाटलं, जरा थांबू. एखादी कळी आपोआप पडेल.

तेवढ्यात भाऊसोंनी डोक्यावरचा पटका काढला. माणच्या धनगराच्या डोक्यावरचा पटका चारचौघांत उतरणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच कळतं. त्यांनी तो देवाच्या पायरीवर ठेवला आणि ते लोकांकडं तोंड करून उभे राहिले. डोक्यावर चार पांढरे केस. रविराजनं बापाचं उघडं डोकं असं कधी बघितलं नव्हतं.

“खोटं माझं हाय,” भाऊसो म्हणाले.

“आवं आबा,” रविराज पुटपुटला.

“ह्याला परदेशाचं बोलावणं आलं, तवा मी कौल लावला हुता. तवा पुजेची पाळी माझी. गाभाऱ्यात मी एकटा. डावा पडला. चांगला खणखणीत डावा. जाऊ नगं म्हणला देव.” त्यांनी रविराजकडं बोट केलं. “भाईर ह्यो उभा. डोळं असं लावून बसलेला. मला न्हाई बघवलं. मी भाईर आलो आन् उजवा पडला म्हणून सांगितलं. सगळ्या वस्तीला गूळ वाटला. त्याच दिवाळीला ह्याची आय काविळीनं गेली. मला तवाच कळलं कशापायी गेली ते. पर मी गप ऱ्हायलो. आजपत्तोर गप ऱ्हायलो.”

एक बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. नानासो ओट्यावरनं उठले आणि कडाडले, “देवाच्या तोंडाचं बदललंस भाऊसो? तू? आरं, तुझ्या घराला पालखीचा पुढचा दांडा दिलाय पिढ्यान्‌पिढ्या!”

“काढा दांडा माझ्या घरातनं,” भाऊसो म्हणाले. “मला रीत ठावं हाय. देवाच्या नावानं खोटं बोललेल्यानं पालखीला हात लावायचा न्हाई. कृष्णाताच्या घरात द्या. चांगली माणसं हायती.”

कृष्णातनं मोबाईल खिशात घातला आणि खाली बघितलं. रविराज अजून उभाच होता. आता बोललं तर? आता बोललं तर म्हाताऱ्यानं पटका फुकट उतरवला असं होईल, असं त्याचं मन त्याला सांगायला लागलं. मन मोठं लबाड असतं. भित्र्या माणसाचं तर जास्तच. सोनमनं त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला आणि ती चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

नाथाजीनं डोळे पुसले, परत कळ्या लावल्या. भाऊसोंनी बोडक्या डोक्यानं तोच प्रश्न विचारला. प्रश्न संपतो न संपतो तोच उजवी कळी टपकन खाली पडली.

कुणी म्हणेल, पाणी वाळलं आणि कळी पडली. म्हणो बापडा. देवळात ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ असा जो गजर झाला, त्यात हा हिशोब कुणाला सुचणार? देव बोलला. भाऊसोंचं खोटं बाहेर आलं आणि देव बोलला, म्हणजे भाऊसोंच्याच खोट्यानं देव मुका झाला होता. आणि बायकोही त्याच खोट्यानं गेली होती. लोकांच्या मनात हे पक्कं झालं, आणि भाऊसोंच्या तर त्याहून पक्कं झालं.

दिवस कलताना बाप-लेक देवळातनं घराकडं निघाले. सोनम पुढं गेली होती. भाऊसोंनी पटका काखेत धरला होता, डोक्याला बांधला नव्हता. ते थकले होते, पण अंगातलं जुनं दुखणं गेल्यासारखे मोकळे दिसत होते. “चला, पोरीचं तरी मिटलं,” ते म्हणाले. “आता बिनघोर नाव घाल. देवानं उजवा दिलाय.”

हे ‘बिनघोर’ रविराजला सोसलं नाही. तो वाटेतच थांबला. “आबा, नाव आधीच घातलंय. तुमचा फोन आला, त्याच्या आधी. कपडं सुदिक घेतल्यात. मी तुमास्नी खोटं सांगितलं.”

भाऊसो वळले. पहिल्यांदा त्यांना समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी हात उगारला, आणि उगारलेला हात तसाच खाली आणला.

“मग देवळात का न्हाई बोललास? नाथाजीनं इचारलं तवा? मी पटका काढला तवा?”

“लाज वाटली.”

“कुणाची?”

“लोकांची. कृष्णाताची.”

“आन् माझी न्हाई वाटली?”

रविराज रडायला लागला. बाप्या माणूस, वाटेवर उभा राहून हुंदके देत होता, आणि भाऊसो त्याला उगी म्हणायला पुढं झाले नाहीत. मग त्यांनी असं काही विचारलं, की ते रविराजला जन्मभर पुरेल.

“मग देव गप ऱ्हायला, तो कुणाच्या खोट्यापायी रं? तुझ्या का माझ्या?”

“माझ्याच, आबा. माझ्याच. तुमचं त्यात काय न्हाई. आईचं बी न्हाई.”

“ते तू कसं सांगतूस? मी बोललो आन् कळी पडली. आता ते मला कवाच कळायचं न्हाई.” त्यांचा आवाज फाटला. “तू तवा बोलला आस्तास आन् कळी पडली आस्ती, तर मला कळलं आस्तं, की तुझी आय माझ्यापायी न्हाई गेली. तेवढं तरी कळलं आस्तं.”

“मी सांगतो सगळ्यास्नी. आत्ताच जातो माघारी. नानासोंच्या म्होरं सांगतो.”

“गप ऱ्हा!” म्हातारा असा ओरडला की रविराजचे पाय जागीच थांबले. “एका घरात एक खोटारडा बास झाला. उद्या प्रांजल हितं यील, मोठी हुईल. तिच्या बापाला कुणी त्वांडावर बोललेलं मला चालायचं न्हाई. माझं काय, माझं संपलं. माझ्या नावावर हाय ते ऱ्हाऊ दे. आन् उद्या मला कुणी बोललं, तर माझी बाजू घिऊ नगंस. कळलं?”

आणि खरं सांगायचं, तर हे ऐकून रविराजला आत कुठंतरी हायसं वाटलं. वाटलं ते त्याला कळलंही, आणि कळल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. पण हायसं वाटलं ते वाटलंच. त्यानं मान हलवली.

सकाळी ती दोघं सांगलीला निघाली, तेव्हा निरोप द्यायला दहा-बारा माणसं जमली होती. नानासोंनी कागदाच्या पुडीत बांधलेला भंडारा सोनमच्या हातात दिला. “पोरगी पयल्या दिवशी शाळंत जाईल, तवा लावा कपाळाला.” मग ते रविराजकडं वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तू लय गुणाचा हायस. परदेशात राहून देवाला इचाराया आलास. तुझ्या बापानं मातूर नाव घालवलं. देवापुढं खोटं बोलणं म्हंजी काय खायाचं काम हाय व्हय? चुकलं का न्हाई त्याचं? तूच सांग.”

भाऊसो तिथंच, गाडीच्या दाराला टेकून उभे होते. डोकं उघडं. सोनम रविराजकडं बघत होती. सगळीच बघत होती.

“व्हय,” रविराज म्हणाला. “चुकलंच आबांचं.”

बापानंच तर सांगितलं होतं, बाजू घेऊ नकोस म्हणून. पण शब्द काढताना त्याला काही कष्ट पडले नाहीत, आवाजसुद्धा कापला नाही. भाऊसोंनी मान खाली घातली आणि गाडीचं दार लावून दिलं. सोनमनं भंडाऱ्याची पुडी मांडीवर ठेवली आणि ती सांगली येईपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत बसली. रविराज गाडी चालवत होता. भाऊसोंनी दार लावताना त्याच्याकडं बघितलं होतं का नाही, हे त्याला आठवेना, कारण त्यानंच त्यांच्याकडं बघितलं नव्हतं.